रेगी व्हाइट : ब्लिट्झ न करता क्वार्टरबॅकला पाडणारा 'संरक्षणमंत्री'

९ फेब्रुवारी २०२५. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये सुपर बोलचा सामना. फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असं हरवलं. चीफ्सचा स्टार क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सहा वेळा जमिनीवर आपटला गेला. गंमत म्हणजे ईगल्सने पूर्ण सामन्यात एकदाही 'ब्लिट्झ' केला नाही.

आता ब्लिट्झ म्हणजे काय? आणि तो न करता एवढी पाडापाडी कशी झाली? हे समजून घ्यायचं तर याच ईगल्सकडून खेळलेल्या रेगी व्हाइटची गोष्ट माहिती हवी.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू असतात. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. त्याला वाचवायला समोर पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, तर त्याला 'सॅक' म्हणतात.

बचाव करणाऱ्या संघाचे साधारण चार जण पुढे धावतात आणि सात जण मागे थांबून पास अडवतात. या चौघांच्या मदतीला मागचे एक-दोन जण सोडले, की झाला ब्लिट्झ. दबाव वाढतो, पण मागे जागा मोकळी पडते. चेंडू त्या जागेत गेला तर थेट गुण.

कबड्डीत बघा. कोपरारक्षकाने एकट्याने घोटा पकडून चढाईपटूला रोखलं तर बाकीची साखळी जागेवर राहते. सगळेच एकदम अंगावर गेले आणि पकड सुटली, तर एका चढाईत तीन-चार गडी बाद. म्हणून एकट्याने पकड करणारा कोपरारक्षक सोन्याच्या भावाचा. रेगी व्हाइट हा अमेरिकन फुटबॉलमधला तसाच गडी होता.

चॅटनूगाचा पोरगा

रेगीचा जन्म १९ डिसेंबर १९६१ चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरातला. घरात चर्चचं वातावरण. वयाच्या सतराव्या वर्षीच तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. इंग्रजीत 'मिनिस्टर' म्हणजे मंत्री आणि धर्मोपदेशकही. तो खेळायचा बचावात, म्हणजे 'डिफेन्स'मध्ये. त्यावरून पुढे त्याला टोपणनाव पडलं, 'मिनिस्टर ऑफ डिफेन्स'. आपल्या भाषेत संरक्षणमंत्री!

टेनेसी विद्यापीठात नाव कमावल्यावर १९८४ मध्ये तो यूएसएफएल या नव्या लीगमधल्या मेम्फिस शोबोट्स संघात गेला. १९८५ मध्ये ईगल्सने त्याला एनएफएलमध्ये आणलं. पहिल्याच मोसमात १३ सामन्यांत १३ सॅक. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे मोसम तुटक झाला, तरी त्याने १२ सामन्यांत २१ सॅक केले.

नेमकं काय करायचा?

उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन सुमारे १३५ किलो, आणि तरीही पळण्यात चपळ. तो बाहेरच्या बाजूने जोरात सुटायचा. समोरचा खेळाडू त्याला अडवायला बाहेर सरकून तोल मागे टाकायचा. नेमक्या त्या क्षणी रेगी आतला हात त्याच्या काखेखाली घालून त्याला उचलल्यासारखा बाजूला भिरकावायचा आणि आतून घुसायचा. भाईंदरला सकाळच्या लोकलमध्ये शिरणाऱ्यांना हे लगेच कळेल. नुसती ताकद कामाची नाही, समोरच्याचा तोल कधी गेलाय ते ओळखावं लागतं. या डावाला 'हम्प मूव्ह' म्हणतात.

आता खरं गणित. भिंतीत पाच जण. त्यातले दोघे एकट्या रेगीवर लागले, की उरले तीन. समोर रेगीचे साथीदारही तीन. म्हणजे प्रत्येकाची झुंज एकास एक. जेरोम ब्राउन, क्लाइड सिमन्स अशा तगड्या साथीदारांना याचा फायदा व्हायचा. रेगीसाठी तिसरा माणूस आणला, तर पास घ्यायला पळणारा एक जण कमी. म्हणजे ज्या खेळीत रेगीला सॅक मिळाला नाही, तिथेही तो समोरच्याचं गणित बिघडवत होता. १९९१ मध्ये धाव आणि पास, दोन्ही रोखण्यात ईगल्सचा बचाव लीगमध्ये पहिला होता.

कोर्टातली लढाई

तेव्हा करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ निवडता येत नव्हता. १९९२ मध्ये खेळाडूंनी लीगला कोर्टात खेचलं, आणि त्या खटल्यावर पहिलं नाव होतं रेगी व्हाइटचं. करिअर ऐन भरात असताना मालकांच्या विरोधात उभं राहणं सोपं नव्हतं. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूंना संघ बदलण्याची वाट खुली झाली.

ईगल्ससाठी १२१ सामन्यांत १२४ सॅक करून रेगी बाहेर पडला. मोठ्या शहरांचे संघ मागे लागलेले असताना त्याने निवडलं ग्रीन बे हे छोटंसं गाव. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर.

जानेवारी १९९६ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमधलं, तो जिथे धर्मोपदेशक होता ते चर्च जाळण्यात आलं. ग्रीन बेच्या चाहत्यांनी ते पुन्हा उभं करायला पैसे पाठवले. वर्षभरात रेगीने त्यांना परतफेड केली.

२६ जानेवारी १९९७. तोच सुपरडोम. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने तिसऱ्या सत्रात फरक २७-२१ पर्यंत खाली आणला होता. डेस्मंड हॉवर्डने किकऑफ ९९ यार्ड पळवत नेला आणि ग्रीन बे ३५-२१ वर गेलं. लगेच रेगीने ड्रू ब्लेडसोला लागोपाठ दोन वेळा पाडलं. नंतर तिसऱ्यांदाही. सामना तिथेच संपला. २९ वर्षांनी ग्रीन बेकडे सुपर बोल आला.

डाग आणि शेवट

रेगीची बाजू सगळीकडे उजळ नव्हती. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळात त्याने समलैंगिकांबद्दल आणि वेगवेगळ्या वंशांच्या लोकांबद्दल जे बोललं, त्यावर कडाडून टीका झाली. त्याच मोसमात, छत्तिशीत, त्याने १६ सॅक केले आणि दुसऱ्यांदा सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. २००० मध्ये निवृत्त झाला तेव्हा १९८ सॅकचा विक्रम त्याच्या नावावर होता. पुढे ब्रूस स्मिथने तो मोडला.

नंतर तो व्यासपीठापासून दूर झाला आणि मूळ धर्मग्रंथ वाचण्यासाठी हिब्रू शिकू लागला. २६ डिसेंबर २००४ रोजी हृदयाची लय बिघडून त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ४३. त्याला सार्कॉइडोसिस हा आजार होता आणि झोपेत श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचाही त्रास होता. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्याकडे समजतात, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. त्याच्या कुटुंबाने पुढे याच विषयावर काम करणारी संस्था काढली.

२००६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. ईगल्स आणि ग्रीन बे दोघांनीही ९२ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्यामुळे २०२५ मध्ये महोम्सला घेरणाऱ्या ईगल्समध्ये ९२ नंबर कुणाच्याच पाठीवर नव्हता. पण चौघांनी पुढे जायचं आणि सात जणांनी मागे राखायचं, हे गणित तेच होतं.