बुकर वॉशिंग्टन यांची प्रवेश परीक्षा

केर काढायची पाळी आली की मी बाकांखालचं तसंच ठेवतो. बुकर वॉशिंग्टन यांची गोष्ट वाचली आणि माझी मलाच लाज वाटली.

त्यांचा जन्म १८५६ साली अमेरिकेत, गुलामांच्या झोपडीत झाला. १८६५ साली गुलामी सुटली, तरी लहानपणी मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबावं लागलं. १८७२ साली शिकण्यासाठी ते दूर हॅम्प्टनला गेले. बरीच वाट पायी. कपडे मळलेले, म्हणून मॅकीबाई लगेच दाखल करून घेईनात. शेवटी बाईंनी एक खोली झाडायला सांगितली. बुकरनी ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण नाही! झाला प्रवेश. पुढे एकदा शाळा उघडण्याआधी बाई स्वतः त्यांच्याबरोबर खिडक्या धूत होत्या. मला हे फार आवडलं.

१८८१ साली बुकर टस्केगीला कृष्णवर्णीय मुलांचे गुरुजी झाले. शाळा बांधायला मुलांसह विटा पाडल्या. तीन भट्ट्या बिघडल्या. आमच्या ओढ्याकाठी वीटभट्टी आहे, एक बिघडली तरी केवढं नुकसान होतं! पैसे संपले. गुरुजींनी आपलं घड्याळ गहाण ठेवलं. चौथी भट्टी जमली. घड्याळ मात्र परत मिळालं नाही.