विश्लेषण : बेपत्ता सैनिकांचा माग काढणारी परिचारिका… कोण होत्या क्लारा बार्टन?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तेव्हा हजारो कुटुंबांना आपला मुलगा, नवरा किंवा भाऊ जिवंत आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. सरकारकडेही उत्तर नव्हते. मेलेल्या सैनिकांची नीट नोंद ठेवणारी यंत्रणाच उभी राहिली नव्हती. हे काम अंगावर घेतले ते क्लारा बार्टन यांनी. अमेरिकेत रेड क्रॉसची स्थापना करणाऱ्या म्हणून त्या ओळखल्या जातात. पण त्याआधीचे हे काम तितकेच मोठे होते.

शिक्षिका ते परिचारिका

बार्टन यांचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ऑक्सफर्ड येथे झाला. पाच भावंडांत त्या धाकट्या. लहानपणी भाऊ छपरावरून पडून अंथरुणाला खिळला, तेव्हा दोन वर्षे त्याची शुश्रूषा त्यांनीच केली. शुश्रूषेचे त्यांचे शिक्षण म्हणायचे तर एवढेच. सतराव्या वर्षापासून त्या शाळेत शिकवू लागल्या. न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे त्यांनी १८५२ मध्ये मोफत सार्वजनिक शाळा सुरू केली. पटसंख्या शेकड्यांत गेली, नवी इमारत झाली आणि मग मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली एका पुरुषाची, तीही त्यांच्या दुपटीहून अधिक पगारावर. बार्टन यांनी नोकरी सोडली आणि वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाल्या. तिथेही पुरुष सहकाऱ्यांचा जाच चुकला नाही.

रणांगणावर काय केले?

युद्ध सुरू झाल्यावर वॉशिंग्टनमध्ये आलेल्या जखमी सैनिकांना मदत करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. औषधे, पट्ट्या, अन्न शहरात साठत होते आणि माणसे मात्र मैदानावर मरत होती. मग सामान तिकडेच न्यायचे, असे त्यांनी ठरवले. लष्कराची परवानगी मिळायला १८६२ चा उन्हाळा उजाडला.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिटमची लढाई झाली. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित दिवस तो हाच. बार्टन यांची गाडी पोहोचली तेव्हा पट्ट्या संपल्यामुळे शल्यचिकित्सक मक्याच्या पानांनी जखमा बांधत होते. त्या एका जखमी सैनिकाला पाणी पाजत असताना एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो सैनिक जागीच ठार झाला. पुढे व्याख्यानांतून त्यांनीच हा प्रसंग सांगितला. रात्री अंधारामुळे शस्त्रक्रिया थांबायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या सामानातून कंदीलही निघाले. एरवी क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट. पण त्या रात्री डॉक्टरांचे काम कंदिलांवरच चालले.

बेपत्ता सैनिक कसे शोधले?

१८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या संमतीने त्यांनी हे काम हाती घेतले. वॉशिंग्टनमधील सेव्हन्थ स्ट्रीटवर, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत कार्यालय थाटले. पद्धत साधी होती. नातेवाइकांची पत्रे आली की नावांच्या याद्या करायच्या, त्या छापून टपाल कार्यालयांत आणि वर्तमानपत्रांत पाठवायच्या आणि परतलेल्या सैनिकांकडून माहिती मागवायची.

सर्वांत मोठा धागा मिळाला तो डोरेन्स अ‍ॅटवॉटर या तरुणाकडून. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे दक्षिणेच्या युद्धकैदी छावणीत तो बंदी होता. मृतांची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने यादीची एक प्रत गुपचूप स्वतःसाठी करून ठेवली. त्याच यादीच्या आधारे लष्कराच्या पथकाबरोबर जाऊन, १८६५ च्या उन्हाळ्यात तिथल्या जवळपास १३ हजार कबरींपैकी बहुतेकींवर नावे लावता आली. अ‍ॅटवॉटरला मात्र याच यादीवरून झालेल्या वादात लष्करी न्यायालयाने तुरुंगात धाडले. त्याच्या सुटकेसाठीही बार्टन झटल्या.

१८६८ मध्ये कार्यालय बंद झाले, तोवर ६३ हजारांहून अधिक पत्रे हाताळून झाली होती आणि २२ हजारांहून अधिक सैनिकांचा ठावठिकाणा लागला होता.

रेड क्रॉसशी संबंध कसा आला?

प्रकृती खालावल्याने १८६९ मध्ये त्या युरोपला गेल्या. रेड क्रॉसची ओळख त्यांना जिनिव्हात झाली. फ्रान्स-प्रशिया युद्धात स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी बायकांना मोफत शिधा वाटण्याऐवजी शिवणकामाची मजुरी मिळवून दिली. मायदेशी परतल्यावर १८८१ मध्ये अमेरिकी रेड क्रॉस स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने जिनिव्हा करार स्वीकारला. युद्ध नसतानाही पूर, आग, दुष्काळ यांत संस्थेने धावून जावे, हा त्यांचा आग्रह १८८४ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेनेही मान्य केला. १८८९ मध्ये जॉन्सटाउन येथे धरण फुटून २,२०९ जण दगावले, तेव्हा ६७ वर्षांच्या बार्टन तिथे पाच महिने राहिल्या.

मग पद का सोडावे लागले?

सगळा कारभार त्या एकहाती हाकत. देणग्यांचा हिशेब काटेकोर नाही, असा आक्षेप संस्थेतूनच आला. त्यात तथ्य होते; संस्था वाढली तरी कारभाराची पद्धत जुनीच राहिली होती. १९०४ मध्ये, ८२ व्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी प्रथमोपचार शिकवणारी वेगळी संस्था सुरू केली. १२ एप्रिल १९१२ रोजी मेरीलँडमधील ग्लेन एको येथील घरी त्यांचे निधन झाले.

सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या त्या खोल्या मात्र विस्मृतीत गेल्या होत्या. १९९० च्या दशकात इमारत पाडण्याच्या तयारीत असताना, तपासणीसाठी गेलेल्या एका सरकारी सुताराला माळ्यावर जुने कागद सापडले आणि त्यांच्यासोबत बेपत्ता सैनिकांच्या कार्यालयाची पत्र्याची पाटी. इमारत वाचली. आता तिथे संग्रहालय आहे.