गोरखचिंच आणि मिशेल अ‍ॅडन्सन

गोरखचिंच मूळ आफ्रिकेची, आपल्याकडे क्वचितच दिसते. तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅडन्सोनिया, ते मिशेल अ‍ॅडन्सन यांच्यावरून पडलं. ते फ्रान्सचे, जन्म 1727 चा. 1749 मध्ये ते सेनेगलला गेले आणि पाचेक वर्षं राहिले. तिथले लोक या झाडाची पानं वाळवून, कुटून जेवणात घालत. तापाच्या दिवसांत अ‍ॅडन्सननी स्वतः पानांचा काढा घेऊन पाहिला. पुस्तकातलं वर्णन पाठ करून घेण्याआधी मी वर्गात हेच सांगते, पोरं कान टवकारतात. पुढे फ्रेंच क्रांतीत त्यांची प्रयोगाची बाग गेली, पैसाही गेला. विज्ञानसंस्थेचं बोलावणं आलं, तर पायात घालायला जोडे नव्हते! 1806 मध्ये ते वारले. शवपेटीवर फक्त एक हार ठेवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यांनी पाडलेल्या 58 वनस्पतिकुळांतल्या फुलांचा.