किल्ल्यातला कर्जदार

आयुष्याची तीसेक वर्षे मी बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली. त्यामुळे एखादे मोठे घर दिसले, की त्याच्या खिडक्या आणि कमानी पाहण्याआधी ते गहाण तर नाही ना, हा विचार माझ्या मनात येतो. सवय वाईट आहे, पण जात नाही. काही वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे कॅनडात गेलो असताना हॅमिल्टन शहरातला डंडर्न कॅसल पाहिला आणि याच सवयीने मला सर अॅलन नेपियर मॅकनॅब या माणसापर्यंत नेले.

मॅकनॅबचा जन्म १९ फेब्रुवारी १७९८ चा, नायगारा नदीच्या मुखाशी असलेल्या न्यूआर्क या गावातला. वडील सैन्यातले लेफ्टनंट. पलटण मोडल्यावर अर्ध्या पगारावर आलेले. घराण्याचा अभिमान मोठा आणि पैसा थोडा, अशी घरे आपल्याकडेही काही कमी नाहीत. १८१२ साली अमेरिकेशी युद्ध पेटले, तेव्हा अॅलन १४ वर्षांचा होता. तो लढाईत उतरला आणि असा लढला, की कोवळ्या वयातच त्याच्या शौर्याचा बोलबाला झाला. पण युद्ध संपले, तसा तोही वडिलांसारखाच अर्ध्या पगारावर आला. पराक्रमावर पोट भरत नाही, हा धडा त्याला विशीच्या आतच मिळाला.

मग तो वकिलीकडे वळला. अभ्यासात त्याचे मन फारसे रमत नसावे, कारण इतरांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे घेऊन १८२६ मध्ये त्याला सनद मिळाली. त्याच वर्षी त्याने हॅमिल्टनला बिऱ्हाड हलवले. हे तेव्हा एक लहानसे गाव होते, पण ते वाढणार, हे त्याने ओळखले आणि वकिलीत मिळालेला पैसा, शिवाय न मिळालेलाही, जमिनीत घातला. थोड्याच वर्षांत गावाच्या मध्यभागातल्या मोक्याच्या जागा त्याच्या नावावर होत्या.

राजकारणात तो आला तुरुंगाच्या वाटेने. १८२९ मध्ये गव्हर्नरच्या पुतळ्याच्या विटंबनेची चौकशी विधानसभेची समिती करत होती. तिच्यापुढे उत्तरे द्यायला त्याने नकार दिला आणि १० दिवसांची कैद भोगली. लोकांच्या नजरेत तो हुतात्मा ठरला आणि १८३० मध्ये निवडून आला. तुरुंगातून थेट सभागृहात जाण्याची ही कला आपल्याला काही नवी नाही!

१८३२ मध्ये त्याने बंदराकडे पाहणारी उंचवट्यावरची जागा विकत घेतली. तीन वर्षांत तिथे चाळीसएक खोल्यांचा वाडा उभा राहिला. आपल्या पूर्वजांच्या स्कॉटलंडमधल्या ठिकाणावरून त्याने त्याला डंडर्न हे नाव दिले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना शिकवतो. मॅकनॅबने आधी पाय पसरले आणि अंथरूण कर्जाऊ आणले. याच दशकात हॅमिल्टनमध्ये गोअर बँक निघाली आणि तिच्या कारभारावर त्याने आपली पकड बसवली. कर्ज हवे असलेल्या माणसाचा हात बँकेच्या तिजोरीजवळ पोहोचला, की पुढे काय होते, हे मला कोणी सांगायला नको.

डिसेंबर १८३७ मध्ये विल्यम लायन मॅकेन्झीने सरकारविरुद्ध बंड केले. मॅकनॅब आपली माणसे घेऊन टोरोंटोला धावला. बंड मोडले, मॅकेन्झी नायगारा नदीतल्या एका बेटावर जाऊन बसला. त्याला रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही बोट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेली असताना, २९ डिसेंबरच्या रात्री मॅकनॅबच्या आदेशावरून त्याच्या माणसांनी ती ताब्यात घेऊन पेटवून दिली. एक अमेरिकन माणूस मारला गेला. दोन देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. स्वसंरक्षणासाठी दुसऱ्याच्या हद्दीत कधी शिरावे, या आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या वादात ‘कॅरोलाइन’चे नाव आजही निघते. मॅकनॅबला मात्र १८३८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली.

पुढचे वेड रेल्वेचे. राजकारण आणि रेल्वे यांत त्याने कधी फारसा फरक केला नाही. १८४५ मध्ये तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. भांडवलासाठी वणवण झाली, वर्षे गेली, त्याचे अध्यक्षपदही गेले. पण १८५३ च्या अखेरीस गाडी हॅमिल्टनला पोहोचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. गाव बंदराचे होते, आता ते रेल्वेचेही झाले.

सप्टेंबर १८५४ मध्ये मॅकनॅब कॅनडा प्रांताच्या सरकारचा प्रमुख बनला. गंमत अशी, की जन्मभर जुन्या व्यवस्थेची पाठराखण केलेल्या या माणसाच्या राजवटीत चर्चसाठी राखून ठेवलेल्या जमिनी सुटल्या आणि फ्रेंच भाषकांच्या भागातली जुनी जमीनदारी संपली. वारा कुठून वाहतो, हे त्याला कळत असे. पण १८५६ मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला खाली खेचले. त्यांत पुढे होता जॉन मॅकडोनाल्ड, जो पुढे कॅनडाचा पहिला पंतप्रधान झाला. मॅकनॅब तेव्हा संधिवाताने जखडलेला होता. पाय फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्याला उचलून सभागृहात आणावे लागले.

घरचे दुःखही काही कमी नव्हते. पहिली पत्नी १८२६ मध्ये वारली. त्या लग्नाचा मुलगा शिकारीच्या अपघातात गेला. दुसरी पत्नी मेरी १८४६ मध्ये आजारपणात गेली. त्या काळात तेरा-चौदा वर्षांच्या सोफिया या मुलीने लिहिलेली रोजनिशी पुढे छापली गेली. मोठ्या माणसांच्या मोठ्या कारभारामागे घर कसे जगत असते, हे त्या पोरीच्या पानांतून जितके कळते, तितके कुठल्याही हिशेबाच्या वहीतून कळत नाही.

८ ऑगस्ट १८६२ रोजी डंडर्नमध्येच मॅकनॅबचा मृत्यू झाला. अखेरच्या घटकेला त्याने कॅथलिक पंथ स्वीकारल्याचे जाहीर झाले आणि प्रोटेस्टंट मंडळी संतापली. अंत्यविधीवरून भांडण, दारात घेणेकरी आणि मागे कर्जाचा डोंगर. वाडा कुटुंबाच्या हातून गेला. पुढे तो शहराने घेतला आणि कॅनडाच्या शतसांवत्सरिक वर्षी, १९६७ मध्ये, जुन्या दिमाखात सजवून लोकांसाठी खुला केला.

आता एक गंमत ऐका. ती सोफिया १८५५ मध्ये एका इंग्रज सरदारपुत्राशी विवाह करून विलायतेला गेली. तिच्या मुलाची नात म्हणजे कॅमिला यांची आई. २०२३ मध्ये ज्यांच्या डोक्यावर इंग्लंडच्या राणीचा मुकुट चढला, त्या कॅमिला या आपल्या कर्जबाजारी मॅकनॅबच्या खापरपणतीच्या कन्या!

डंडर्नच्या तळघरात जुन्या वेशातल्या बायका पर्यटकांसाठी जुन्या पद्धतीचा स्वयंपाक करतात. त्या स्वयंपाकघरात उभा असताना मला वरच्या दिवाणखान्यापेक्षा गावातल्या दुकानदारांची आठवण झाली. मोठ्या माणसाची उधारी फेडायला वेळ लागला, तर त्याची झळ कोणाला लागते, हे मी खिडकीच्या या बाजूने पाहिले आहे. लहान कर्जदार हप्ता चुकला, की मान खाली घालून येत. मोठे येत, ते मोटारीतून आणि बसायला खुर्ची मागत.

मॅकनॅबचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो नाकारला असता. तारण अपुरे, उत्पन्न अनिश्चित, सवयी खर्चिक. बँकेचा अधिकारी म्हणून मी बरोबर ठरलो असतो. पण मग हॅमिल्टनची गाडी आणखी किती वर्षे थांबली असती, हा प्रश्न मला त्या टेकडीवरून उतरताना छळत राहिला. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणेन, की त्या वाड्याच्या पायऱ्या उतरताना एकदा तळघराकडेही वळून पाहावे. वाडा कोणी बांधला ते पाटीवर लिहिलेले असते, त्याची किंमत कोणी मोजली ते नसते.