खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ साली कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे झाला. पोहणे, धावणे, वजन उचलणे अशी अनेक दाने देवाने त्यांना दिली होती. वाहून घेतले ते कुस्तीला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. पुढे हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या लावून त्यांनी ते घर सोडविले. १९८४ साली ते अपघातात वारले.

प्रिय वाचकहो, कॅम्पातील आपल्या मंडळीतही होतकरू मुले आहेत. त्यांच्यासाठी आपण काय गहाण ठेवू?