वॉल्टर कॅम्प : अमेरिकेचा फुटबॉल जगापासून वेगळा करणारे नियमकर्ते

फुटबॉल हा शब्द उच्चारताच कोलकाता, कोझिकोड, मडगाव वा कोल्हापूर येथील माणसाच्या डोळ्यांसमोर पायाने खेळला जाणारा गोल चेंडू उभा राहतो. लंडन, लागोस किंवा ब्यूनस आयर्स येथेही तेच चित्र दिसते. अमेरिकेत मात्र याच शब्दाने हातात धरून धावण्याचा, फेकण्याचा, लंबगोल चेंडूचा एक निराळाच खेळ ओळखला जातो आणि जगाच्या फुटबॉलला तेथे सॉकर म्हणतात. या भेदाचे कारण अनेकदा अमेरिकन स्वभावात शोधले जाते. तेथील लोकांना भरपूर गुण हवेत, बरोबरीत सुटलेला सामना त्यांना रुचत नाही, असे सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळी दिशा दाखवतो. हा भेद प्रेक्षकांच्या आवडीतून नव्हे, तर एकोणिसाव्या शतकात मोजक्या विद्यापीठांच्या बैठकांतून घडला आणि त्या बैठकांवर सर्वाधिक ठसा उमटवला तो वॉल्टर कॅम्प यांनी.

कॅम्प यांचा जन्म ७ एप्रिल १८५९ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे झाला. वडील लेव्हरेट कॅम्प शिक्षक होते. वॉल्टर यांचे बालपण न्यू हेवन शहरात, येल विद्यापीठाच्या सावलीत गेले. हॉपकिन्स ग्रामर स्कूलमधील शिक्षण संपवून १८७६ मध्ये त्यांनी येलमध्ये प्रवेश घेतला, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. अमेरिकेत कोणता फुटबॉल खेळला जावा, याचा निर्णय त्याच वर्षी झाला.

त्यापूर्वी काही वर्षे अमेरिकेची वाटचाल जगाच्या वाटेनेच चालू होती. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील रट्गर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत सामना झाला. तो अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो. प्रत्येक संघात पंचवीस खेळाडू होते. चेंडू हातात घेऊन धावण्यास वा फेकण्यास मनाई होती. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ मध्ये केलेल्या नियमांशी या खेळाचे जवळचे नाते होते. रट्गर्सने तो सहा विरुद्ध चार गोलांनी जिंकला. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, रट्गर्स आणि कोलंबिया यांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले व त्यांनी अशाच धर्तीचे समान नियम स्वीकारले.

या बैठकीला हार्वर्ड आले नाही. बॉस्टन परिसरातील त्यांच्या खेळात चेंडू हातात घेण्यास मुभा होती आणि ती सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. प्रतिस्पर्धी मिळेना, तेव्हा हार्वर्डने मे १८७४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संघाला बोलावले. हा संघ रग्बी खेळत असे. पाहुण्यांचा खेळ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना इतका आवडला की त्यांनी तो आपलासा केला. पुढच्याच वर्षी त्यांनी येलला तडजोडीच्या नियमांनी खेळण्यास राजी केले व सामना जिंकला. हार्वर्डशी सामना ही त्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती. तिच्यापुढे खेळाच्या प्रकाराचा आग्रह टिकला नाही. नोव्हेंबर १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया यांची परिषद भरली आणि किरकोळ फेरफारांसह रग्बीचे नियम स्वीकारले गेले. त्याच महिन्यात विद्यार्थी कॅम्प येलच्या वतीने हार्वर्डविरुद्ध मैदानात उतरले होते.

स्प्रिंगफिल्डची परिषद येथेच थांबली असती, तर अमेरिका कदाचित रग्बी खेळणारा देश ठरली असती. ते झाले नाही, याचे श्रेय वा दोष कॅम्प यांच्याकडे जातो. १८७८ पासून ते नियमांच्या परिषदांना उपस्थित राहू लागले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. इंग्लंडमध्ये खेळाचे कित्येक संकेत लिहिलेले नसतात, ते परंपरेने पाळले जातात, हे त्यांच्या लक्षात आले होते. अमेरिकन विद्यार्थ्यांपाशी अशी परंपरा नव्हती. ते नियमांचा शब्दशः अर्थ लावत आणि पळवाट दिसली की तिचा लाभ घेत. त्यामुळे प्रत्येक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे, असा कॅम्प यांचा आग्रह होता.

१८८० च्या परिषदेत त्यांनी सुचवलेले दोन बदल मान्य झाले. पहिला बदल संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून अकरावर आणण्याचा. येलला अकरांच्या संघाचे आकर्षण आधीपासूनच होते. १८७३ मध्ये इंग्लंडच्या ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी त्यांनी अकरा खेळाडूंचा सामना खेळला होता. दुसरा बदल अधिक दूरगामी ठरला. रग्बीत दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी झटतात आणि चेंडू कोणाकडे जाईल याचा नेम नसतो. कॅम्प यांच्या नियमाने चेंडूवरचा हक्क एका वेळी एकाच संघाला दिला. तो संघ ठरलेल्या रेषेवरून शांतपणे डाव सुरू करील आणि प्रतिस्पर्धी तो अडवील, अशी रचना झाली.

या नियमात एक उणीव होती. चेंडू सोडण्याची सक्तीच नसल्याने संघ तो आपल्याकडेच दाबून ठेवू लागले. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांनी एकेक सत्र याच रीतीने घालवले आणि एकही गुण न होता सामना संपला. प्रेक्षक कंटाळले, वृत्तपत्रांनी टीका केली. त्यावर १८८२ मध्ये उपाय आला. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे न सरकल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जाईल, असे ठरले. अंतर मोजण्यासाठी मैदानावर पाच-पाच यार्डांवर पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या. पुढच्या वर्षी निरनिराळ्या कामगिरीसाठी निरनिराळे गुण देण्याची पद्धत सुरू झाली. अवघ्या काही वर्षांत एका नव्या खेळाचा सांगाडा उभा राहिला.

सॉकरपासूनचे अंतर येथेच सर्वांत स्पष्ट होते. सॉकरमध्ये खेळ वाहता असतो. डाव मांडण्याची, मोडण्याची आणि पुन्हा मांडण्याची जबाबदारी मैदानावरील खेळाडूंवर असते. कॅम्प यांच्या खेळात प्रत्येक प्रयत्नानंतर क्षणभर विराम आला. त्या विरामात बेत आखता येऊ लागला, खुणेच्या भाषेत हुकूम देता येऊ लागला, प्रत्येकाला नेमून दिलेले काम आले आणि मैदानाबाहेर बसणाऱ्या प्रशिक्षकाचे महत्त्व वाढले. कॅम्प यांच्या व्यवसायाशी या रचनेचे साम्य आहे. पदवीनंतर घेतलेले वैद्यकीय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले आणि १८८३ मध्ये ते न्यू हेवन क्लॉक कंपनीत रुजू झाले. पुढे १९०३ मध्ये ते या घड्याळ कंपनीचे अध्यक्ष झाले. कामाची विभागणी, मोजमाप आणि वेळेची शिस्त ही कारखान्याची मूल्ये त्यांच्या खेळातही दिसतात.

१८८८ मध्ये कॅम्प येलचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह ॲलिस ग्रॅहम समनर यांच्याशी झाला. समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांच्या त्या भगिनी. कारखान्यातील कामामुळे कॅम्प यांना दुपारच्या सरावास जाता येत नसे. ॲलिस मैदानावर जाऊन टिपणे घेत आणि संध्याकाळी दोघे मिळून खेळाडूंशी चर्चा करीत. त्या मोसमात येलने तेराही सामने जिंकले, ६९८ गुण मिळवले आणि एकही गुण दिला नाही. १८९२ पर्यंतच्या पाच मोसमांत कॅम्प यांच्या संघाने ६७ सामने जिंकले आणि केवळ दोन गमावले.

मैदानाइतकेच त्यांचे लक्ष छापखान्याकडे होते. त्यांनी पुस्तके लिहिली, नियतकालिकांतून शेकडो लेख लिहिले. १८८९ पासून देशभरातील सर्वोत्तम अकरा महाविद्यालयीन खेळाडूंची यादी प्रसिद्ध होऊ लागली आणि ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. वृत्तपत्रांनाही हा खेळ हवा होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यूयॉर्कमध्ये होणाऱ्या सामन्यांना १८९० च्या दशकात सुमारे ४० हजार प्रेक्षक जमू लागले. प्रतिष्ठित विद्यापीठे जे खेळत, ते इतर महाविद्यालये आणि मग शाळा उचलू लागल्या. उन्हाळ्यात बेसबॉल आणि शरद ऋतूत हा नवा फुटबॉल, असे अमेरिकेचे क्रीडावर्ष भरून गेले.

याच काळात असोसिएशन फुटबॉल जगभर पसरत होता. ब्रिटिश खलाशी, रेल्वे अभियंते, शिक्षक आणि सैनिक तो बंदरोबंदरी नेत होते. ब्राझीलमध्ये चार्ल्स मिलर यांनी तो १८९४ मध्ये रुजवला. भारतात १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड चषक आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. १९११ मध्ये अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने कोलकात्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा राज्यकर्त्यांचा खेळ त्यांच्याच नियमांनी जिंकल्याचा अभिमान साऱ्या देशाला वाटला. शतकापूर्वीच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने आपले वेगळेपण उलट मार्गाने सिद्ध केले. तिने इंग्रजी खेळाचे नियमच बदलले. या बाबतीत ती एकटी नव्हती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नने १८५९ मध्येच स्वतःचे नियम केले होते आणि आयर्लंडने १८८४ मध्ये गेलिक क्रीडा संघटना स्थापन केली होती.

सॉकर अमेरिकेत नव्हता, असे मात्र नाही. फॉल रिव्हर, कर्नी, पॅटरसन आणि सेंट लुईस येथील गिरण्या-कारखान्यांच्या वस्त्यांत स्कॉटिश, इंग्रज आणि आयरिश कामगार तो उत्साहाने खेळत. परंतु देशाच्या दृष्टीने तो स्थलांतरितांचा खेळ राहिला. विद्यापीठाच्या पटांगणावरील खेळ तो अमेरिकन आणि गिरणीमागच्या मैदानावरचा तो परका, अशी वर्गवारी रुजली. तिची किंमत सॉकरने पुढे अनेक दशके मोजली.

कॅम्प यांच्या खेळाची किंमत वेगळी आणि अधिक कठोर होती. चेंडू ठरावीक रेषेवरून सुरू होत असल्याने दोन्ही बाजूंचे खेळाडू एकत्र येऊन प्रचंड वेगाने आदळत. हाडे मोडत, डोक्याला मार बसे आणि काही तरुण प्राणास मुकत. टीका वाढली तेव्हा १८९४ मध्ये कॅम्प यांनी माजी खेळाडू व शिक्षकांची मते गोळा करून खेळाच्या समर्थनार्थ पुस्तक काढले. त्यात प्रतिकूल उत्तरांना योग्य स्थान मिळाले नव्हते, असे इतिहास संशोधकांनी नोंदवले आहे. १९०५ च्या मोसमात डझनाहून अधिक खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांचा मुलगा त्या वर्षी हार्वर्डच्या नवागतांच्या संघात खेळत होता. रुझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची सूचना केली. त्यांत कॅम्पही होते.

सॉकरसाठी हीच सर्वांत मोठी संधी होती. त्याच वर्षी इंग्लंडचा पिलग्रिम्स संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता आणि पूर्वेकडील काही महाविद्यालयांत सॉकरचे सामने सुरू झाले होते. कोलंबिया विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल बंद केला. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांनीही तो सोडला, पण त्यांनी रग्बी निवडली. बाकीच्यांनी खेळ टाकून देण्याऐवजी तो दुरुस्त करणे पसंत केले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने डिसेंबर १९०५ मध्ये महाविद्यालयांची नवी संघटना उभी राहिली. तिचेच पुढे एनसीएए असे नामकरण झाले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. दहा यार्डांची कल्पना कॅम्प यांची होती. पुढे फेकण्याच्या नियमाला मात्र त्यांचा मनापासून पाठिंबा नव्हता. तोवर नियम समितीवरील त्यांची एकहाती पकडही सैल झाली होती. ज्या बदलाबाबत ते साशंक होते, त्यानेच त्यांच्या खेळाला नवे आयुष्य दिले. १९१४ मध्ये येलने सुमारे ७० हजार प्रेक्षकांचे भव्य क्रीडांगण बांधले, तेव्हा खेळाच्या अस्तित्वाचा प्रश्न उरला नव्हता.

पहिल्या महायुद्धात कॅम्प यांनी नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रांतील व्यायामाची जबाबदारी सांभाळली. त्यांनी तयार केलेले बारा सोपे व्यायामप्रकार घराघरांत पोहोचले, ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही निघाले. मार्च १९२५ मध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी ते न्यूयॉर्कला गेले. १४ मार्च रोजी सकाळी ते बैठकीस आले नाहीत. सहकारी त्यांच्या हॉटेलातील खोलीवर गेले, तेव्हा झोपेतच त्यांचे निधन झाल्याचे आढळले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षात ते गेले, तेही नियमांचेच काम करीत असताना. देशभरातील शाळा-महाविद्यालयांच्या वर्गणीतून येलच्या क्रीडांगणाबाहेर त्यांच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार उभारण्यात आले.

त्यांच्या पश्चात पाच वर्षांनी अमेरिकेचा संघ पहिल्या विश्वचषक सॉकर स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. १९५० मध्ये त्याने इंग्लंडला एका गोलने हरवले. दोन्ही घटनांची देशात फारशी दखल घेतली गेली नाही. त्यानंतर १९९० पर्यंत हा संघ विश्वचषकासाठी पात्रही ठरला नाही. पुढे मात्र चित्र पालटू लागले. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी मिळाली, तेव्हा अमेरिकन फुटबॉलची मक्तेदारी नसलेल्या त्या मोकळ्या जागेत सॉकर रुजला. अमेरिकेच्या महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले. पुरुषांच्या शाळा-महाविद्यालयीन जगात ती जागा कॅम्प यांच्या पिढीने शतकापूर्वीच व्यापली होती. सॉकर तेथे कमी रुजला याचा दोष त्या खेळाकडे किंवा अमेरिकन माणसाच्या आवडीकडे जात नाही. तो पोहोचला, तेव्हा मैदानावर पांढऱ्या रेषा आधीच आखल्या गेल्या होत्या.