डोंगराचा उतार ओळखून पुणं घडवणारे नानासाहेब पेशवे

पुण्यात डोंगरावर बांधकाम म्हटलं, की आधी टेकडीफोड आठवते. पण याच शहरात पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने डोंगराच्या उतारालाच कामाला लावलं होतं. ते म्हणजे बाळाजी बाजीराव, अर्थात नानासाहेब पेशवे.

8 डिसेंबर 1720 रोजी जन्मलेले नानासाहेब हे थोरल्या बाजीरावांचे आणि काशीबाईंचे थोरले चिरंजीव. 1740 मध्ये वडील गेले आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच पेशवाईची वस्त्रं त्यांच्याकडे आली. 1749 च्या अखेरीस छत्रपती शाहू महाराजांचं निधन झालं. त्यानंतर मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे सरकला. पेठा वाढल्या, माणसं वाढली आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

त्याचं उत्तर कात्रजच्या डोंगरात सापडलं. डोंगरउतारावरून येणारं पावसाचं पाणी अडवून तिथे तलाव बांधले गेले. तलावात गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी दगड-चुन्याच्या भुयारी नळातून शहराकडे निघायचं. नळ इतका मोठा, की माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडेल आणि पाण्याचा दाब आवरता येईल. कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्याने आठ-दहा किलोमीटरचा हा प्रवास पाणी केवळ उताराच्या जोरावर करायचं. ते शनिवारवाड्यात पोहोचायचं, तसंच पेठांमधल्या हौदांतही.

पर्वतीवरही हीच नजर दिसते. 1749 मध्ये नानासाहेबांनी टेकडीच्या माथ्यावर देवदेवेश्वराचं मंदिर उभारलं. काशीबाईंच्या पायाचं दुखणं बरं झालं म्हणून हे मंदिर बांधलं, अशी आख्यायिका सांगतात. वर जायला सलग चढ कापून रस्ता काढला नाही, तर उतारावर रुंद, कमी उंचीच्या दगडी पायऱ्या बसवल्या. हत्तीही चढू शकेल अशी ती वाट. पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी वळवून तळं केलं. आजची सारसबाग त्याच जागेवर आहे.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर थोरले चिरंजीव विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गमावले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. 23 जून 1761 रोजी पर्वतीवरच त्यांचं निधन झालं. तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते.

पुढे धरणाचं पाणी आलं, रस्ते आणि इमारतींच्या खोदाईत कात्रजचा नळ ठिकठिकाणी फुटला. तरी काही उच्छ्वास अजून उभे आहेत. या योजनेचा पाया मात्र नळ नव्हता, डोंगर होता. पाणी धरणारा उतारच सपाट झाला, तर कितीही पक्कं बांधकाम कोरडंच राहणार.